मुळांतलं विरजण

अंगठ्याच्या नखानं तिनं फांदीची साल खरवडली आणि आत हिरवं निघायच्या ऐवजी तपकिरी निघालं. जुन्या पुठ्ठ्यासारखं तपकिरी, कोरडं, ओलाव्याचा मागमूस नसलेलं. तिनं खालच्या फांदीवर खरवडलं, मग बुंध्याशी, मग अगदी मातीलगत, जिथे आत्या कुणाला बोट लावू देत नसे. सगळीकडे तेच. आणि वर झाड हिरवंगार. खवल्यांसारख्या बारीक पानांचे ते गुबगुबीत झुबके, चाळीस वर्षं आत्यानं तारेनं वळवून वळवून जागच्या जागी बसवलेले, शनिवार सकाळच्या उन्हात कसे मजेत बसले होते, जणू काही झालंच नाही. तिला त्या हिरव्याचाच आधी राग आला. मेलास तर मेल्यासारखा दिस ना. माणसं निदान पिवळी पडतात, सुकतात, कुणाला तरी शंका येईल असं काहीतरी करतात. हा ज्युनिपर, कुंडीतला बोन्साय, मात्र सात आठवडे मेलेला असून वरून गालातल्या गालात हसत होता, आणि सात आठवडे ती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्याला पाणी घालत होती, वर त्याच्याशी गप्पासुद्धा मारत होती, तेही मोठ्यानं, कारण हळू बोलणं तिला जमतच नाही.

काल शाळेतून येताना ती मुद्दाम वाट वाकडी करून नर्सरीवाल्याकडे गेली होती. पानांची टोकं तळहाताला टोचायला लागली होती आणि चुरगळल्यावर येणारा तो कडवट, ताजा वास येईनासा झाला होता, एवढंच तिनं त्याला सांगितलं. नर्सरीवाला रोपांच्या पिशव्या भरता भरता म्हणाला की ह्या जातीच्या हिरव्यावर कधी जायचं नाही, हे झाड मेलं तरी दीड-दोन महिने हिरवंच राहतं, ह्याच्या पानांना बातमी उशिरा पोचते. खरवडून बघ, म्हणाला. हे सांगताना त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तिला वाटलं होतं की तो विचारेल, केवढं जुनं आहे, कुणाचं आहे. म्हणजे ती सांगू शकली असती. पण ज्यांना काही विचारायचं नसतं ते लोक किती सहज खरं बोलून जातात.

खाली दुकानातून वाफेच्या इस्त्रीचे सुस्कारे येत होते. त्यांची लाँड्री खाली आणि घर वर, त्यामुळे घराला कायम ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास. बाबा इस्त्रीवर, आई डागांवर, आणि गेल्या वर्षापर्यंत आत्या रफूवर. बाबांची ही मोठी बहीण दुकानाच्या काचेशी बसून फाटलेल्या कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे उसवायची आणि तेच धागे भोकावर उभे-आडवे विणून असं काही बुजवायची की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये. लग्न नाही, मूल नाही, एक झाड. कुणी ह्यावरून काही बोललं तर आत्या सुई दातात धरून म्हणायची, अहो, ह्याला परीक्षेला बसवावं लागत नाही, सून आणावी लागत नाही आणि हे मला उलट बोलत नाही. मग भाचीकडे तिरका डोळा टाकायची. उलट बोलण्याचं खातं घरात भाचीकडे होतं. बाबा तिला भोंगा म्हणायचे. दहावीपर्यंत ह्या नावानं तिला रडू यायचं; ह्या वर्षी आंतरशालेय वादविवादात पहिली आल्यापासून तिनं ते नाव पदकासारखं मिरवायला घेतलं होतं.

कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती जिना उतरली आणि आईच्या टेबलावर, डागांच्या बाटल्यांच्या मधोमध, तिनं ती ठेवली. आई एका शर्टाच्या कॉलरवर वाकली होती. झाड मेलंय, असं तिनं सांगितलं. आईनं चष्म्यावरून पाहिलं आणि तिला जे वाटलं होतं तेच शब्द, त्याच क्रमानं, तोंडातून काढले: "मेलंय काय? हिरवंगार तर आहे." मग तिनं खरवडलेली जागा दाखवली. आईनं ती जागा डाग तपासावा तशी तपासली, बोट ओलं करून घासली, नाकाशी नेली.  आणि मग जे बोलली त्यात झाड नव्हतंच: आज भेटायला जाऊ तेव्हा ताईंना ह्यातलं अक्षर सांगायचं नाही, बाईंनी बजावलंय, मन प्रसन्न ठेवा. बाई म्हणजे पक्षाघातानंतर आत्या ज्या केंद्रात राहत होती तिथल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई. वातावरण हलकं करावं म्हणून बाबा इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "रंगवून देऊ की. हिरव्याच्या चार छटा आहेत आपल्याकडे. वर्षभर हिरवं ठेवून दाखवतो तुझ्या आत्याला." ते गमतीनं म्हणाले, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण म्हणून झाल्यावर त्यांनी झाडाकडे एक नजर टाकली, आणि त्या नजरेत गंमत नव्हती, अंदाज होता: कापड कुठलं, रंग कितपत धरेल. ती नजर तिनं पाहिली.  इतके दिवस वादविवादात कमावलेलं सगळं वक्तृत्व कामाला आलं नाही आणि तिला एवढंच म्हणता आलं की तुम्ही माणसंच नाही, तुम्ही परीटघडी आहात. बाबा हसले. हसण्यासारखं होतंच ते, म्हणून तर जास्त संताप.

तिनं कपड्यांची जाळीची मोठी टोपली घेतली, तळाशी जुने टॉवेल घातले, त्यात झाड बसवलं, दप्तर खांद्याला लावलं आणि निघाली. आईनं विचारलं, कुठे? नर्सरीत, असं तिनं सांगितलं. खोटं बोलणं ह्या घरात किती सोपं आहे, हे रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं.

केंद्र तीन थांबे पुढे होतं. पण टोपली घेऊन बसमध्ये चढू द्यायला चालक तयार नव्हता, म्हणून ती चालत निघाली, आणि चालताना राग पायांत उतरला. आईचे हात तिला दिसत होते. सात आठवड्यांपूर्वीची ती दुपार: हँगरांचा लोखंडी स्टँड कलंडून गॅलरीत कुंडीवर पडला, उथळ कुंडीचे तीन तुकडे, मुळांचा गोळा उघडा. आईनं तो उचलला, उलटा केला, आणि मातीत पसरलेले पांढरे कापसासारखे पुंजके पाहून तिचं तोंड वाकडं झालं. पांढरं हे आईचं आयुष्यभराचं काम होतं, पण कापडावरचं. जिथे असायला नको तिथलं पांढरं म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे डाग, आणि डाग म्हणजे आई. तिनं पाटावर बसून, कोमट पाण्यात, कॉलरच्या मऊ ब्रशानं एकेक मूळ घासून काढलं. शेवटच्या पाण्यात दमट कपड्यांसाठीचं बुरशीचं औषध, मोजून दोन थेंब. तास-दीड तास. कमरेला कळ लागेपर्यंत. मुळं अशी स्वच्छ निघाली की आईनं ती बाबांना बोलावून दाखवली, मगच नव्या कुंडीत लावली. प्रेमानं केलं होतं तिनं हे सगळं, आणि हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. आळसानं मारलं असतं, विसरून मारलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. जिवाचा आटापिटा करून मारणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

टोपलीची कड बोटांना कापत होती. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, वा, काय सुंदर झाड. तिनं त्यांना सांगितलं की ते मेलेलं आहे. ते हसले आणि म्हणाले, छे छे, केवढं हिरवं आहे. तिला त्यांच्या पायावर टोपली सोडावीशी वाटली.

आत्याला झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि शब्द विस्कटले. गेले नाहीत, विस्कटले. दवाखान्यात कुणालाच हा फरक महत्त्वाचा वाटला नाही. शब्दांचं कपाट कुणीतरी खाली ओतलं होतं आणि आत्या डाव्या हातानं चाचपून मिळेल तो शब्द वर काढत होती. चष्म्याला छत्री. पाण्याला सोमवार. बाबांना, का कोण जाणे, बटण. शेजारच्या खाटेशी आलेल्या नातेवाइकांना आईनं सांगितलं होतं की ताईंचं एक झाड आहे, त्याचाही अर्धा बुंधा वाळून हाडासारखा पांढरा झालाय आणि उरलेल्या अर्ध्यातून एक सालीची पट्टी वर जाते, तिच्यावर ते जगतं, अगदी ताईंसारखं. सगळ्यांनी च्च च्च केलं होतं. तिला तेव्हाही राग आला होता. आत्या आत्या होती, झाड झाड होतं. बुंध्याचा तो वाळलेला भाग आत्यानं वर्षानुवर्षं ब्रशानं घासून, औषध लावून जपलेला होता, तिच्या मते तोच झाडाचा सगळ्यात देखणा भाग. स्वतःच्या लुळ्या हाताबद्दल तिचं असं काहीही मत नव्हतं, तो तिला नकोच होता.

विस्कटलेल्या शब्दांचा उलगडा घरात फक्त भाचीला होई. तिनं वही केली होती, डावीकडे आत्याचा शब्द, उजवीकडे खरा. बाबा म्हणायचे, भोंगा आता दुभाषी झाला. फोन आला की आई तो स्पीकरवर टाकून तिच्याकडे बघायची, काय म्हणताहेत गं? आणि ती सांगायची. झटकन, न अडखळता, जसं व्यासपीठावर. किती आवडायचं तिला ते. अख्ख्या घरानं तिच्या तोंडाकडे बघायचं आणि तिनं बोलायचं.

पुलाच्या चढावर ती थांबली. दम लागला म्हणून नाही. त्या दुपारचा फोन तिला आठवला. म्हणजे विसरली कधीच नव्हती, पण आतापर्यंत तो आईच्या हातांच्या मागे उभा होता. कुंडी फुटली हे बाबांनी फोनवर सांगून टाकलं होतं. पलीकडून आत्या तीन वेळा एकच शब्द बोलली. विरजण. थांबून, जोर लावून, विरजण. मुळांत विरजण. आई म्हणाली, काय म्हणताहेत? आणि ती आरशासमोर उभी होती, अंतिम फेरीचं भाषण हातात, दुसरा मुद्दा घोकत. वहीत विरजण नव्हतं. शोधावं, विचारावं, आत्याला पुन्हा बोलू द्यावं, ह्यातलं तिनं काहीच केलं नाही. आनंदावर विरजण पडतं, म्हणजे बिघडतं, हे तिला सेकंदभरात सुचलं, आणि सुचलं म्हणून ते खरं वाटलं. तिनं आरशातूनच सांगितलं, "मुळांत काहीतरी बिघाड झालाय म्हणतेय. काढून टाका म्हणतेय." काढून टाका हे तर आत्या बोललीच नव्हती. ते तिनं वाक्य पुरं व्हावं म्हणून घातलं होतं, शेवट ठसठशीत हवा म्हणून. आणि आई समाधानानं म्हणाली होती, बघ, बरोबर ओळखलं त्यांनी, बुरशीच आहे.

आणि आता, पुलावर, तिला ते आठवलं: सात वर्षांची होती ती. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून आत्यानं कुंडी बदलली होती आणि जुन्या मातीतले ते पांढरे पुंजके बोटांच्या चिमटीत उचलून नव्या मातीत, मुळांच्या कुशीत, एकेक करून ठेवले होते. भीतीनं ती म्हणाली होती, ई, किडे. आत्या म्हणाली होती, किडे नाहीत गं बाई, विरजण आहे. दुधाला लागतं ना, तसं ह्यालाही लागतं. हे नसलं तर मुळं पाण्यात उभी राहून तहानेनं मरतील. आणि एक पुंजका तिच्या तळहातावर ठेवला होता, तूच घाल म्हणून. तिनं घातला होता. स्वतःच्या ह्या हातानं. अख्ख्या घरात, कदाचित अख्ख्या जगात, त्या शब्दाचा तो अर्थ दोनच माणसांना माहीत होता. आत्यानं चुकीचा शब्द काढलाच नव्हता. कपाटातल्या त्या सगळ्या पसाऱ्यातून डाव्या हातानं चाचपून तिनं नेमका, खणखणीत, बरोबर शब्द वर काढला होता आणि ज्या एका माणसाला तो कळला असता त्याच्याकडे दिला होता.

तिला ओरडावंसं वाटलं. पुलावर, गाड्यांच्या गोंगाटात, ती ओरडलीही, शब्द नसलेलं काहीतरी. मग तिनं टोपली उचलली. आता राग कुठे ठेवायचा हे कळेना. इतका वेळ तो ठेवायला आई होती, बाबा होते, नर्सरीवाला, ते गृहस्थ. घरी परत जावं, असं एकदा मनात आलं. चार वाजता आईबरोबर यावं, नीट केस विंचरून, आणि म्हणावं, मस्त आहे झाड, हिरवंगार. बाबा रंगवतीलही. आत्याला फोनवर फोटो दाखवले की ती मान हलवते, हसते, त्याला सगळे सुधारणा म्हणतात. ती हे सगळं चालता चालता ठरवत होती आणि पाय मात्र केंद्राच्या दिशेनंच पडत होते.

आत्या खिडकीशी खुर्चीत होती. पुढच्या टेबलावर बाईंची चित्रांची कार्डं मांडलेली: किल्ली, कुत्रा, कप. सकाळचा अभ्यास. लहान मुलांची चित्रं ती, कुत्र्याला वर हसू दिलेलं. झाड बघताच आत्याचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, इथेच थांबावं, पुढचं काही होऊच नये. तिनं कार्डं बाजूला सारली, कुंडी टेबलावर ठेवली. आत्यानं डावा हात पुढे केला. झुबक्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फिरवताना हात थांबला. आत्यानं पान चुरगळलं, नाकाशी नेलं. खरवडलेल्या जागांकडे तिनं नुसतं पाहिलं. मग अंगठा मातीत खुपसला आणि कडेची माती उपसत एक मूळ वर ओढलं. स्वच्छ. आईनं घासलेलं, दोऱ्यासारखं, एकही पांढरा ठिपका नसलेलं.

"कोण?" आत्या म्हणाली.

शब्द बरोबर होता. स्वच्छ, एकटा, प्रश्नासकट. वाटेत तिनं मुद्दे काढले होते, पहिला, दुसरा, समारोप. त्यातलं काही आठवलं नाही. आईचं नाव जिभेवर होतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"मी," ती म्हणाली. "धुतलं आईनं. पण मी सांगितलं म्हणून. तू विरजण म्हणालीस आणि मला आठवलं नाही. मी विचारलंसुद्धा नाही. मनानंच काहीतरी सांगितलं." आवाज तिचा नेहमीचा नव्हता, हळू बोलणं जमत नाही असं ती आयुष्यभर समजत आली होती. "झाड मेलंय, आत्या. सात आठवडे झाले. सगळे तुला खोटं सांगताहेत."

आत्यानं मूळ सोडून दिलं. मग तिच्या मानेतून लाली वर चढायला लागली. रफूवर वाकलेली, सुई दातात धरून टोमणे मारणारी आत्या तिला माहीत होती. ही आत्या तिनं कधी पाहिलीच नव्हती. डाव्या हाताच्या एका फटक्यात किल्ली, कुत्रा, कप, सगळी कार्डं जमिनीवर गेली. आणि आत्या बोलायला लागली. सोमवार, म्हणाली. छत्री, छत्री, चाळीस. बटणाला, उशीला, जिन्याला, तुझ्या त्या मंगळ-मंगळ-मंगळाला. शब्द हाताला येतील तसे फेकत होती, एकही नेमका नाही, आणि तरी त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. चाळीस वर्षं होती त्यात, आणि दर शनिवारी येऊन हिरवंगार म्हणणारी तोंडं, आणि फोटो, आणि हसऱ्या कुत्र्याचं चित्र दाखवून हे काय आहे असं विचारणाऱ्या बाई, आणि तो लुळा हात. आणि तीही होती त्यात, बरीचशी. वही दप्तरात होती. तिनं ती काढली नाही. मनातल्या मनातसुद्धा तिनं एका शब्दाचं भाषांतर केलं नाही. ती उभी राहिली आणि तोंडावर घेत राहिली.

आवाज ऐकून परिचारिका धावत आली. जमिनीवरची कार्डं पाहिली, आत्याचा चेहरा पाहिला, आणि ठेवणीतल्या गोड आवाजात म्हणाली, शांत व्हायचं हं, काही झालं नाही. मग तिच्याकडे वळून कोरडेपणानं, "तुम्ही जा आता. त्यांना त्रास होतोय."

"त्रास नाही होत. राग आलाय त्यांना."

"तेच ते."

"तेच नाही," ती म्हणाली. "माझ्यावर आलाय. त्यांना बोलू द्या."

परिचारिकेनं आत्याची नाडी धरली. आत्यानं मनगट सोडवून घेतलं, स्वतःच्या जोरानं, आणि परिचारिकेलाही एक उशी आणि दोन छत्र्या सुनावल्या. परिचारिका मागे सरली. दारात रेंगाळली, पाच मिनिटं, म्हणाली, पाचच, नंतर मी येणार, आणि दार अर्धं लोटून गेली.

खोलीत आत्याच्या श्वासाचा आवाज उरला. तिनं पेल्यात पाणी ओतलं आणि पुढे केलं. माफ कर म्हणायची ही जागा होती, हे तिला कळत होतं. म्हटलं असतं तर आत्याला डोक्यावरून हात फिरवावा लागला असता, आणि सगळं पुन्हा मन प्रसन्न ठेवणाऱ्या घरासारखं झालं असतं. ती बोलली नाही. खुर्ची ओढून समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, जिथून आत्याला तिचा चेहरा नीट दिसेल. आत्यानं डाव्या हातानं पेला घेतला, घोटभर पाणी प्याली, हनुवटीवर ओघळलेलं स्वतःच्या पदरानं पुसलं, पेला खाली ठेवला, आणि पुन्हा सुरू झाली.